टोपांना दोष देऊ नका, मागीलदारची चूल बघा

देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून आलेलं पत्र. नाव मागितल्याप्रमाणे दिलेलं नाही, मजकूर थोडा कमी केला आहे.

‘डॉक्टर, माझ्या सासूबाई ७३ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी पैसे मोजताना चुकायला लागल्या, मग आमटीत दोनदा मीठ. आता तिन्हीसांजा झाल्या की “मला घरी जायचंय” म्हणून दारात उभ्या राहतात. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे अल्झायमर सांगितला. त्यांच्या आईचंही उतारवयात असंच झालं होतं म्हणे. मुंबईच्या भावजींनी थुंकी पाठवून जनुकांची तपासणी करून घेतली, त्यात “एपीओई ४, एक प्रत” असं आलं. गणपतीला वन्सं आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पंचवीस वर्षं तू आईला जर्मनच्या टोपातलं घातलंस, म्हणून तिचा मेंदू गेला.” टोप त्यांनी भंगारवाल्याला दिले. भावजी म्हणतात, माशात पारा असतो, मासे बंद करा. शरीरातले धातू काढायची पावडरही त्यांनी आईसाठी पाठवली आहे. आम्ही मासेमारी करणारी माणसं, मासे सोडून खायचं काय? आमचे हे ५० वर्षांचे. तब्येत धड आहे, पागाच्या (फेकायच्या जाळ्याच्या) शिशाच्या गुळ्यासुद्धा अजून मागीलदारी स्वतःच ओततात, धाकटा मदतीला असतो. पण हल्ली ते किल्ली विसरले तरी माझ्या पोटात धस्स होतं. मुलगी २३ वर्षांची, तिला स्थळं येतायत. धाकटा १० वर्षांचा. खरं सांगा, माझ्या हातून पाप झालं का?’

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. तुमच्या हातून काहीही झालेलं नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. तुमच्या टोपांवर जो आरोप आहे, तो मी नीट तपासून सांगते आहे.

जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि त्याच्यावरचा संशय जुना आहे. १९६५ मध्ये संशोधकांनी सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचले, तेव्हा तिथल्या पेशींत धाग्यांचे गुंते दिसले. अल्झायमरच्या मेंदूतही गुंते असतात, म्हणून सगळ्यांचे कान टवकारले. पुढे कळलं की सशांमधले गुंते वेगळ्याच बांधणीचे होते. १९७३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या संशोधकांना अल्झायमरने गेलेल्या माणसांच्या मेंदूच्या काही भागांत ॲल्युमिनियम जास्त सापडलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलली आणि जगभरच्या स्वयंपाकघरांत टोपांवर संक्रांत आली. नंतरच्या तपासण्यांत कुणाला ते जास्त सापडलं, कुणाला नाही. आणि सापडलं तरी त्याचा अर्थ काय घ्यायचा? तुम्ही किनाऱ्यावरच्या. भरती ओसरल्यावर वाळूत ओंडका दिसला, तर भरती ओंडक्याने आणली असं आपण म्हणत नाही. मरणाऱ्या पेशींत नको त्या गोष्टी येऊन साचतात. त्या रोगाचं मूळ आहेत की रोगामागून वाहत आल्या, हे नुसत्या साठ्यावरून कळत नाही.

ॲल्युमिनियम मेंदूला कधीच अपाय करत नाही, असं मात्र नाही. १९७० च्या दशकात डायलिसिसवरचे काही रुग्ण बोलताना अडखळू लागले, त्यांना झटके येऊ लागले, त्यांचं भान गेलं. डायलिसिसच्या पाण्यातलं आणि त्यांना दिलेल्या औषधांतलं ॲल्युमिनियम थेट रक्तात साठत होतं, आणि ते लघवीवाटे बाहेर टाकणारं मूत्रपिंडच निकामी होतं. तो आजार खराच होता, पण तो अल्झायमर नव्हता. पाणी शुद्ध करायला लागल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. म्हणून घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करत असेल तर ॲल्युमिनियमवाली ॲसिडिटीची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. धडधाकट मूत्रपिंडाच्या माणसाची गोष्ट वेगळी. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही कमी रक्तात शिरतं आणि त्यातलं बहुतेक लघवीवाटे जातं.

आता तुमचं तिखलं, म्हणजे माशांचं आंबट-तिखट कालवण. सोलं, चिंच, टोमॅटो असं आंबट जर्मनच्या टोपात उकळलं की थोडं ॲल्युमिनियम उतरतं, हे खरं आहे. आंबट रटरटल्यावर टोप आतून चकचकीत होतो तो त्यामुळेच. पण शरीराला किती चालतं? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितली आहे, म्हणजे ६० किलोच्या बाईला १२० मिलिग्रॅम. उलट ॲसिडिटीच्या पातळ औषधाच्या एका डोसात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड शेकडो मिलिग्रॅम असतं, आणि ती बाटली वर्षानुवर्षं पिणाऱ्या माणसांत अल्झायमर अधिक असतो असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही. पिण्याच्या पाण्यातल्या ॲल्युमिनियमवर फ्रान्समध्ये वृद्धांचा दीर्घ अभ्यास झाला, त्यात काही संबंध दिसला. बाकीच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. तेव्हा आंबट स्टीलच्या भांड्यात किंवा मातीच्या मडक्यात करावं आणि पावसाळ्यात विहिरीच्या गढूळ पाण्यात तुरटी बेताने फिरवून पाणी निवळू द्यावं, इतकं मी सांगेन. तुरटी म्हणजेही ॲल्युमिनियमचाच क्षार. ही साधी काळजी झाली. त्यावरून सुनेला गुन्हेगार ठरवण्याइतका पुरावा जगात कुठेही नाही.

माझ्या स्वतःच्या आईलाही हाच आजार झाला. ती जन्मभर मातीच्या मडक्यात आणि कल्हई लावलेल्या पितळी पातेल्यात रांधायची, जर्मनचं भांडं तिने चुलीवर चढू दिलं नाही. एका बाईचं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळतं. तरी वन्संना हे सांगा. आईला आपलं नाव आठवत नाही हे पाहिल्यावर माणूस कुणालातरी दोषी शोधतो. मीही शोधला होता. त्या तुमच्यावर रागावल्या, त्यात आईपासून दूर राहिल्याची टोचणी असणार. त्यांना गणपतीपुरतं न येता आठ दिवस राहायला बोलवा आणि संध्याकाळचे सहा ते नऊ आईजवळ त्यांनाच बसू द्या.

आता भावजींचा रिपोर्ट.

एपीओई हे १९ व्या गुणसूत्रावरचं एक जनुक. ते चरबीची ने-आण करणाऱ्या प्रथिनाचा नकाशा असतं. त्याचे तीन प्रकार आहेत, २, ३ आणि ४. प्रत्येकाकडे दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. बहुतेकांकडे ३ असतो. ४ असला की मेंदूत साचणारं ॲमिलॉइड नावाचं प्रथिन नीट साफ होत नाही आणि उतारवयात अल्झायमरचा धोका वाढतो, हे १९९३ पासून माहीत आहे. २ असला तर धोका उलट घटतो. एका ४ मुळे धोका साधारण तिप्पट होतो, दोन ४ असतील तर त्याहून बराच जास्त. तिप्पट म्हटलं की छातीत धडकी भरते, म्हणून दुसऱ्या भाषेत सांगते. युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात, एक ४ असलेल्या पुरुषांपैकी ८५ व्या वर्षापर्यंत सुमारे २३ टक्क्यांना हा आजार होईल असा हिशोब निघाला. म्हणजे चारातल्या तिघांना नाही. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात ४ चं प्रमाण तिकडच्यापेक्षा कमी आढळलं, पण तो आजाराशी जोडलेला मात्र इथेही दिसला. शिवाय ४ नसलेल्या पुष्कळ माणसांनाही अल्झायमर होतो.

भावजींचा ४ आईकडूनच आला असं गृहीत धरू नका, तो वडिलांचाही असू शकतो. तुमच्या ह्यांच्याकडे तो असेल किंवा नसेल. मग तपासून घ्यावं का? माझं मत, नको. लक्षणं नसलेल्या माणसाला आजार होईल की नाही, ते हा रिपोर्ट सांगत नाही, आणि ४ निघाला काय किंवा न निघाला काय, करायच्या गोष्टी त्याच राहतात. भावजींनी मात्र आता एखाद्या जनुक-सल्लागाराला भेटावं. रिपोर्टचा कागद हातात आणि समजावणारं कुणी नाही, अशी माणसाची स्थिती मला फार वाईट वाटते.

ज्या जनुकांमुळे आजार जवळजवळ ठरलेलाच असतो, ती वेगळी. एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि प्रेसेनिलिन २. त्यांतलं एक बिघडलेलं असेल तर दर अपत्याला निम्मी शक्यता असते आणि आजार चाळिशी-पन्नाशीतच सुरू होतो. कोलंबियाच्या आंतिओकिया भागात अशी एक मोठी वंशावळ आहे, तिथे माणसं पंचेचाळिशीच्या आसपास विसरायला लागतात. आणि त्याच घराण्यातली एक बाई सत्तरीपर्यंत बऱ्यापैकी शाबूत राहिली, कारण तिच्याकडे एपीओईचाच एक दुर्मीळ बदल दोन्ही प्रतींत होता. ही २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ‘ठरलेल्या’ जनुकालाही दुसरं जनुक अडवू शकतं. पण तुमच्या घराशी याचा संबंध नाही. अशी जनुकं एक टक्क्याहून कमी रुग्णांत असतात. तुमच्या सासूबाईंना सत्तरीत सुरुवात झाली, त्यांच्या आईलाही उतारवयातच. हे चित्र त्यात बसत नाही.

म्हणून मुलीच्या स्थळांपुढे जनुकांचा विषय काढायचं काही कारण नाही. तिची तपासणी झालेली नाही, करायचीही नाही. आजी आजारी आहे हे लपवू नका, घरात आलेल्या माणसाला ते दिसतंच. जो मुलगा आजीशी दोन शब्द प्रेमाने बोलेल, त्याच्याबद्दल तुम्हाला तिथेच बरंच कळेल.

माशांचं सांगते, कारण भावजींची भीती अगदी निराधार नाही. पारा माशात असतो. मोरी, मोठी सुरमई, थोरला टूना अशा दुसऱ्यांना खाणाऱ्या माशांत तो जास्त साठतो. बांगडा, तारली यांत कमी. पण २०१६ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी मृत्यूनंतर २८६ वृद्धांचे मेंदू तपासले. जे मासे खात होते त्यांच्या मेंदूत पारा खरोखरच जास्त होता. तरी त्या पाऱ्याचा अल्झायमरच्या खुणांशी संबंध दिसला नाही. आणि ज्यांच्याकडे एपीओई ४ होता, त्यांच्यातल्या आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांच्या मेंदूत त्या खुणा कमी होत्या. एका अभ्यासावरून मासे म्हणजे औषध, असं मी म्हणणार नाही. पण भावजींचंच जनुक आणि भावजींचीच भीती एकत्र तपासलेला हा अभ्यास आहे, तो त्यांना कळवा. आणि बांगड्याचं तिखलं पुन्हा सुरू करा. मुलगी पुढे गरोदर राहील तेव्हा मात्र मोरी आणि मोठे मासे टाळावेत.

पावडर बंद करा. आज. अल्झायमरच्या मेंदूत लोह जास्त साठतं, हे खरं आहे. म्हणून ते काढून टाकायचं औषध रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. २०२४ मध्ये निकाल आला, औषध घेणाऱ्यांची बुद्धी इतरांपेक्षा लवकर ढासळली. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे झालं, तर नाव-गाव नसलेल्या पावडरीने काय होईल? भस्मांबद्दलही सावध राहा. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली, २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. धातू काढायला निघालेल्या माणसाने नकळत धातूच पोटात घालावा, याहून वाईट काय.

आता ज्या ओळीसाठी मी तुमचं पत्र तीन वेळा वाचलं, तिच्याकडे येते. ‘पागाच्या शिशाच्या गुळ्यासुद्धा अजून मागीलदारी स्वतःच ओततात, धाकटा मदतीला असतो.’ तुम्ही ती ह्यांच्या धडधाकटपणाचा दाखला म्हणून लिहिलीत. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात काळजीचा धातू हा एकच आहे.

शिसं ३२७ अंशांवर वितळतं, लाकडाच्या जाळावर सहज. त्याचा धूर आणि वर येणारी करडी साय बारीक धूळ होऊन उडते. ती हातांवर, कपड्यांवर, मागीलदारच्या मातीत आणि वाळत घातलेल्या सुक्या मासळीवर बसते. जुन्या बॅटरीच्या प्लेटी फोडून वितळवत असतील तर आणखी वाईट. पोटात गेलेलं शिसं मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या कित्येक पट शोषून घेतं आणि वाढत्या मेंदूला त्याचा फटका बसतो. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. मोठ्यांमध्ये ते हाडांत जाऊन बसतं आणि दशकानुदशकं हळूहळू रक्तात उतरत राहतं. रक्तदाब वाढवतं, मूत्रपिंड खराब करतं, आणि या दोन्ही गोष्टी मेंदूच्याही वैरी.

जनुक आणि धातू यांची गाठ कुठे पडते असं तुम्ही विचाराल, तर ती टोपात नाही, इथे पडते. अमेरिकेत शिशाची संयुगं बनवणाऱ्या कारखान्यातल्या जुन्या कामगारांच्या हाडांतलं शिसं मोजून त्यांची स्मृती आणि हातांची चपळाई तपासली. ज्यांच्याकडे एपीओई ४ होता, त्यांच्यात शिशाचा परिणाम अधिक दिसला. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कामगारांना अल्झायमर झाला, असं त्यात म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण ज्या घरात ४ असल्याची शक्यता आहे, त्या घरात शिशाचा धूर नको, एवढं म्हणायला मला तो पुरेसा आहे.

तर ओतणं थांबवायचं, गुळ्या बाजारातून तयार घ्यायच्या. पागाला लावताना दातांनी दाबायच्या नाहीत, हे ह्यांना ठणकावून सांगा, ती सवय बहुतेकांना असते. जाळ्याचं काम झालं की हात साबणाने धुऊन मगच जेवायला बसायचं. ज्या भांड्यात शिसं वितळवलं ते पुन्हा स्वयंपाकात नाही, कशासाठीही नाही. चुलीभोवतीची जागा कोरड्या केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या, वरची माती काढून मुलांच्या पायाखाली येणार नाही अशी टाका. आणि धाकट्याच्या व ह्यांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागेल, तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी मागा. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पातळी फारच जास्त निघाली तर शिसं बाहेर काढायचं औषध रुग्णालयात देतात. तिथे त्या उपचाराची खरी जागा आहे, पावडरीच्या डब्यात नाही.

ह्यांच्या किल्लीची चिंता थोडी बाजूला ठेवा. किल्ली कुठे ठेवली ते विसरणं वेगळं आणि किल्ली कशासाठी असते ते विसरणं वेगळं. पण पन्नाशी हेच काम करायचं वय आहे, कारण ॲमिलॉइड लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचायला लागतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती-बुद्धी ढासळण्याच्या आजारांचे, टाळता येण्यासारखे १४ धोके सांगितले आणि ते सगळे दूर झाले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज दिला. त्या यादीत टोप नाहीत. रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कोलेस्टेरॉल आहे, तंबाखू आणि दारू आहे, डोक्याला मार आहे, एकटेपणा आहे. आणि कमी ऐकू येणं आहे. बोटीच्या इंजिनापाशी वीस-तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान एकदा तपासून घ्याच. तुम्ही मिश्री लावत असाल तर तीही सोडा, ताई. तुमच्याशिवाय या घराचं चालणार नाही.

सासूबाईंचं दोन गोष्टींत सांगते. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं का ते जुन्या कागदांत बघा, नसेल तर करून घ्या. त्यांच्या कमतरतेने विसरणं वाढतं आणि ते सुधारता येतं. तिन्हीसांजेला त्या ‘घरी जायचंय’ म्हणतात तेव्हा ‘हेच तुमचं घर’ असं समजावू नका, त्याने त्या जास्त घाबरतात. ‘जाऊया हां, चहा घेऊन निघू’ म्हणा, दिवे लवकर लावा, हातात लसूण सोलायला द्या. शेजारी देवाला गाऱ्हाणं घालायला सांगत असतील तर घाला, पण गोळी चुकवू नका. आणि विहिरीला कठडा नसेल तर तो या आठवड्यात बांधून घ्या, बाकी सगळं थांबू शकतं. तुमची स्वतःची झोप गेली असेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धाकट्याचा रक्ताचा रिपोर्ट आला की आकडा मला कळवा. मी वाट बघते आहे.